तारीख हलत नाही, बिल पुढे सरकत नाही: मोठ्या इव्हेंटच्या बांधकामातले पैसे आणि काँट्रॅक्ट

ओळंबा

बरेच दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी टेंपररी स्ट्रक्चरच्या लायनीत आहे. मोठ्या स्पर्धा, एक्स्पो असं काही असलं की तात्पुरत्या गॅलऱ्या, जिने, रॅम्प, कॅमेऱ्यांचे प्लॅटफॉर्म, केबलचे पूल हे सगळं आम्ही उभं करतो आणि कार्यक्रम संपला की खोलून परत नेतो. आमच्यात ह्याला ओव्हरले म्हणतात. आम्ही सब-काँट्रॅक्टर, वर मुख्य ठेकेदार, त्याच्या वर आयोजक.

झालं असं की ओपनिंगला सहा आठवडे राहिले असताना ड्रॉइंग बदललं. एका गॅलरीच्या वरच्या चार रांगा टीव्हीच्या कॅमेऱ्याला आडव्या येत होत्या म्हणे, त्या काढा आणि समोरच्या बाजूला वाढवा. सूचना आली व्हॉट्सॲपवर, "सुरू करा, कागद मागाहून येईल". आता सहा आठवडे राहिलेले असताना कागदाची वाट कोण बघतो? रात्रपाळी लावली, दुसरी क्रेन आणली, जास्तीचं मटेरियल भाड्याने उचललं, काम झालं, ओपनिंग झकास झालं, सगळ्यांनी पाठ थोपटली, ग्रुप फोटो वगैरे.

आता फायनल बिल लावलंय. एक्स्ट्राचा आकडा मूळ काँट्रॅक्टच्या २२ टक्के. उत्तर काय तर लेखी आदेश नाही, नोटीस मुदतीत दिली नाही, सबब नामंजूर. आणि वर कहर म्हणजे एलडी, म्हणजे उशिराचा दंड, कापलाय, कारण मूळ प्रोग्रॅमप्रमाणे त्या गॅलरीचा हँडओव्हर १२ दिवस उशिरा झाला! अरे तुम्हीच तर बदलायला लावली ना ती!

हे पैसे निघतील का, आणि पुढच्या वेळी काय करायचं? मोठमोठ्या प्रोजेक्टवाले हे कसं सांभाळतात तेही जाणून घ्यायचंय.

मुकादम

व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या आधी. आणि फोन बदलू नका. बाकी चर्चा नंतर.

नटबोल्ट

"कागद मागाहून येईल" हे वाक्य आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावलंय. खरंच लावलंय, चेष्टा नाही.

लाल_पुस्तक

तुमचं काँट्रॅक्ट पाहिल्याशिवाय ठाम काही बोलणार नाही, पण अशी काँट्रॅक्टं बहुतेक वेळा फिडिक नाहीतर एनईसीच्या (दोन्ही बऱ्याच देशांत वापरली जाणारी छापील नमुना काँट्रॅक्टं) साच्यातून कापूनच केलेली असतात, म्हणून त्याच्या आधाराने सांगतो.

नोटिशीचं आधी. फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे त्यांच्या बांधकामाच्या नमुना काँट्रॅक्टमध्ये, क्लेम करायचा तर घटना कळल्यापासून २८ दिवसात नोटीस द्यायची, नाही दिली तर हक्क गेला. २०१७ च्या आवृत्तीतही २८ च आहेत. एनईसी३ मध्ये मुदत आठ आठवड्यांची, आणि तिथे एक बारीक गोष्ट आहे, जी सूचना खुद्द प्रोजेक्ट मॅनेजरनेच दिलेली असते तिच्यासाठी ही आठ आठवड्यांची तलवार ठेकेदाराच्या मानेवर नसते, कारण ते कळवायचं काम त्या मॅनेजरचंच असतं. आता मुख्य ठेकेदार काय करतो तर स्वतःला वरून २८ दिवस मिळालेत म्हणून खाली तुम्हाला १४ नाहीतर ७ देतो, म्हणजे त्याला मध्ये वेळ उरतो. तुमच्या सब-काँट्रॅक्टमध्ये किती आहेत ते बघा आधी. लोक दर वाचतात, दिवस वाचत नाहीत.

आता कामाची गोष्ट. १९९९ च्या त्या लाल पुस्तकात ३.३ नंबरचं कलम आहे. मालकाच्या इंजिनिअरने तोंडी सूचना दिली, तुम्ही दोन कामकाजी दिवसात "तुम्ही असं सांगितलंत" म्हणून लेखी कळवलं, आणि त्याने पुढच्या दोन दिवसात नाही म्हणून लेखी दिलं नाही, की तुमचं ते पत्रच लेखी आदेश ठरतं. म्हणजे कागद त्याच्याकडून यायची वाटच बघायची नाही, आपणच पाठवायचा. चार ओळी पुरतात, कुठली गॅलरी, कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि खर्च व वेळ दोन्ही वाढणार. तुम्ही त्या वेळी असं काही, अगदी साधा मेल तरी, पाठवला होता का? तुम्ही नाही तर तुमच्या साईटवरच्या पोराने? शोधा.

एलडीबद्दल मला जास्त आशा वाटते. ज्याच्या सांगण्यावरून उशीर झाला त्याने उशिराचा दंड मागायचा हे बऱ्याच ठिकाणी टिकत नाही. पण त्यासाठी तुम्ही मुदतवाढ मागायला हवी होती. मागितली होती का?

ओळंबा

मुदतवाढ नाही मागितली :( ओपनिंगची तारीख हलणारच नव्हती, मग मुदतवाढ मागून करणार काय असं वाटलं.

लाल_पुस्तक

हाच तर घोळ होतो सगळ्यांचा. ओपनिंगची तारीख वेगळी आणि तुमच्या काँट्रॅक्टमधली हँडओव्हरची तारीख वेगळी. ओपनिंग हलत नाही, पण तुमची हँडओव्हरची तारीख १२ दिवस पुढे सरकवायला कोणाचं काय जात होतं? आणि ते देत नसतील तर मग वेळेत बसवण्यासाठी जी रात्रपाळी लावली तिचे पैसे द्या, असा सरळ हिशोब असतो. वेळ द्या नाहीतर पैसे द्या. तुम्ही दोन्ही सोडलंत.

जमाखर्च

मी अकाउंट्सवाला, कलमं मला कळत नाहीत, पण धाग्यात अजून कोणी रोखीबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ह्या लायनीत माणूस तोट्याने मरत नाही, रोख संपून मरतो.

साधं गणित करून बघू. समजा काँट्रॅक्ट १०० चं, चार महिन्यांचं, दर महिन्याला २५ चं काम, त्यावर खर्च २२. म्हणजे कागदावर १२ टक्के नफा, चांगलंच आहे की. ॲडव्हान्स १० मिळाला. महिना संपला की मोजमाप, बिल, तपासणी, मग पेमेंट. फिडिकप्रमाणे बिल इंजिनिअरकडे पोचल्यापासून ५६ दिवस धरा. म्हणजे पहिल्या महिन्याचं बिल ३० व्या दिवशी लावलं तर पैसे ८६ व्या दिवशी. तोपर्यंत तुमचे खर्च झालेत साधारण ६३, आणि हातात आलेत फक्त ते ॲडव्हान्सचे १०. म्हणजे १०० च्या कामात ५३ तुमच्या खिशातले. त्यात ॲडव्हान्ससाठी बँक गॅरंटी दिलीय, परफॉर्मन्सची, म्हणजे काम नीट पुरं करण्याची, वेगळी दिलीय, दोन्हीसाठी बँकेने मार्जिन म्हणून एफडी अडकवून ठेवलीय. आणि ८६ व्या दिवशी जे येणार ते २५ नाहीच, ५ टक्के रिटेन्शन (काम नीट पार पडेपर्यंत अडकवून ठेवलेले पैसे) कापून आणि ॲडव्हान्सचा हप्ता वळता करून २१.२५ हातात.

दोनतीन वर्षं चालणाऱ्या इमारतीत हे अंगवळणी पडतं, कारण मागच्या बिलावर पुढचं काम चालतं. पण ओव्हरलेचं काम मुळात चार महिन्यांचं, तिथे पहिलं बिल हातात येईपर्यंत जवळजवळ सगळं उभं राहिलेलं असतं! म्हणून अशा कामात महिन्याचं बिल मान्यच करू नये असं माझं मत. पंधरा दिवसांचं बिल मागा, किंवा टप्प्यांवर मागा, माल साईटवर पोचला की इतके, उभारला की इतके, कार्यक्रम सुरू व्हायच्या आत किमान ८५-९० टक्के हातात. टेंडरच्या वेळी दरात दोन टक्के सोडा पण हे सोडू नका.

अजून एक. आयोजक ही बहुतेक वेळा त्या कार्यक्रमापुरती जन्माला घातलेली संस्था असते. लंडनची आयोजन समिती २०१२ चे खेळ झाल्यावर वर्षभराच्या आत गुंडाळली गेली. तिथे सगळं शिस्तीत झालं, पण विचार करा, तुमचा वाद दोन वर्षं चालला तर समोर टेबलाच्या पलीकडे कोण बसलेलं असेल? खुर्च्या पण भाड्याच्याच होत्या.

नटबोल्ट

शेवटचं वाक्य +१

ओपनिंगच्या आदल्या दिवशी सब-काँट्रॅक्टर राजा असतो आणि दुसऱ्या दिवशी भिकारी. फोन उचलणारा माणूसच बदललेला असतो.

गवंडीकाका

मी टेबलाच्या त्या बाजूचा, म्हणजे मालकाच्या बाजूने काम केलेला माणूस, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. धागाकर्त्याने मोठे प्रोजेक्टवाले कसं सांभाळतात असं विचारलंय. बहुतेक सांभाळत नाहीत, हे खरं उत्तर.

ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ऑलिंपिकांचे जुने हिशोब काढून पाहिले, ज्या ज्या खेळांचे आकडे मिळाले त्यातला एकही बजेटमध्ये बसला नव्हता, महागाई वगळून सरासरी वाढ १५६ टक्के. त्यात मॉन्ट्रियल १९७६ सगळ्यांचा बाप, ७२० टक्के. तिथल्या महापौरांनी, ज्याँ द्रापो त्यांचं नाव, आधी छातीठोकपणे सांगितलं होतं की पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिंपिकला तोटा होईल. मग स्टेडियमचं डिझाइन अवघड, त्यात संप, आणि तारीख अंगावर आलेली. १९७५ च्या अखेरीला प्रांतिक सरकारने कामच हातात घेतलं, खेळ झाले तेव्हा स्टेडियमचा मनोरा अर्धवट होता, तो पुरा झाला १९८७ ला. कर्ज फिटायला २००६ उजाडलं, सिगारेटवरच्या करातून फेडलं.

आता तारखेमुळे नक्की काय होतं बघा. साध्या इमारतीत ठेकेदार जास्त मागायला लागला तर मालक म्हणतो थांब, दुसरा आणतो. इथे शेवटच्या सहा महिन्यात ते म्हणताच येत नाही. जो साईटवर आहे त्याच्याच हातात चावी. मग मालक घाबरून तोंडी सूचना द्यायला लागतो, तडजोडी करायला लागतो, आणि कार्यक्रम झाल्यावर ऑडिटवाले आले की तोच मालक कागद मागायला लागतो. धागाकर्त्याचं जे झालंय ते कोणी दुष्ट आहे म्हणून झालंय असं नाही. त्या व्हॉट्सॲपवाल्या इंजिनिअरला बहुतेक तेवढी रक्कम मंजूर करायचा अधिकारच नसेल, आणि आता तो स्वतःची सही वाचवतोय.

लंडनचं उदाहरण ह्यासाठी बघण्यासारखं आहे. मार्च २००७ मध्ये त्यांनी ९.३२५ अब्ज पौंडांचं बजेट जाहीर केलं आणि त्यात साधारण २.७ अब्ज कंटिंजन्सी, म्हणजे अचानक वाढणाऱ्या खर्चासाठी राखीव रक्कम, उघडपणे दाखवली. म्हणजे आमचं चुकणार आहे हे आधीच कबूल केलं. आणि ते पैसे एका गल्ल्यात नव्हते, काही प्रोजेक्टच्या हातात, काही वरच्या पातळीवर, आणि मोठा वाटा सरकारच्या कुलपात, मागायला गेलं की कारण द्यावं लागायचं. काँट्रॅक्ट एनईसी३ चं होतं. त्यात अर्ली वॉर्निंग म्हणून प्रकार असतो, कुणालाही काही बिनसतंय अशी शंका आली की लगेच सांगायचं, आणि बदलाची किंमत जमेल तितकी काम चालू असतानाच ठरवून मोकळं व्हायचं, फायनल बिलापर्यंत साठवायची नाही. शेवटी खर्च त्या आकड्याच्या आतच राहिला.

नटबोल्ट

काका, लंडनचं कौतुक पुरे हो. यजमानपद मागताना जो आकडा सांगितला होता त्याच्या दुपटीच्या वर नेऊन ठेवलं बजेट, मग आत राहिलो म्हणून टाळ्या. मी पण टेंडरच्या दुप्पट रक्कम मंजूर करून घेतली तर वाचवून दाखवतो. पोहण्याच्या तलावाचं काय झालं? ७३ मिलियनचा अंदाज, २६९ वर गेला.

गवंडीकाका

मान्य आहे. २००५ चा आकडा निवडून यायचा होता आणि २००७ चा बांधायचा होता. पण माझा मुद्दा तो नव्हताच, मुद्दा असा की बांधायचा आकडा एकदा खरा मांडल्यावर तो पाच वर्षं पाळला. खेळगावाचं बघा ना, खासगी विकासक पैसा उभा करणार असं ठरलेलं, २००८ ची मंदी आली आणि बँकांनी हात वर केले, तेव्हा सरकारला आत उतरावं लागलं. २०११ मध्ये ते ५५.७ कोटी पौंडांना विकलं. कंटिंजन्सी नसती तर त्या दिवशी काय केलं असतं? व्हँकुव्हरला त्याच सुमारास अगदी हेच झालं, कर्ज देणाऱ्याने पैसे थांबवले आणि २०१० च्या खेळांसाठी खेळगाव पुरं करायला शहरालाच कर्ज काढावं लागलं, त्यासाठी कायदा बदलावा लागला.

जमाखर्च

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांना पण खेळगावच. मंदीत विकासकाकडे पैसे नाहीत म्हणून डीडीएने (दिल्ली विकास प्राधिकरणाने) फ्लॅट विकत घेऊन त्याला रोख पुरवली आणि नंतर खेळ झाल्यावर त्याच विकासकाची १८३ कोटींची बँक गॅरंटी वटवायला घेतली. बँक गॅरंटी म्हणजे काय ते ह्यातून समजून घ्या, ती बिनशर्त असेल तर समोरचा एक पत्र देतो आणि बँक पैसे मोजते, कोण बरोबर कोण चूक हे नंतर कोर्टात. म्हणून @ओळंबा, तुमच्या गॅरंटीची तारीख कधी संपतेय ते आजच बघा. वाद चालू असताना समोरचा "मुदत वाढव नाहीतर वटवतो" म्हणतो, हमखास.

लाल_पुस्तक

आणि खूप भांडायच्या आधी लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम आठवा. नवीन स्टेडियमचं स्टीलचं काम करणारा सब-काँट्रॅक्टर आणि मुख्य ठेकेदार ह्यांचं बिलांवरून बिनसलं, २००४ मध्ये स्टीलवाला साईट सोडून गेला. फुटबॉलची एफए कप फायनल २००६ मध्ये तिथे व्हायची होती ती कार्डिफला न्यावी लागली, स्टेडियम २००७ ला उघडलं. कोर्टात इतके कागद गेले की नुसत्या झेरॉक्सचा खर्च दहा लाख पौंड झाला, दोन्ही बाजूंचा मिळून वकिली खर्च सव्वादोन कोटी पौंडांच्या घरात, आणि शेवटी हातात पडलेली रक्कम त्याच्या आसपासही नव्हती. २००८ च्या निकालात न्यायाधीशांनी दोघांनाही झापलंय.

त्यामुळे तुमच्या २२ टक्क्यांपैकी किती सिद्ध होतात ते बघा, आणि तेवढ्यावर समोरासमोर बसा.

रिकामटेकडा

अडाणी प्रश्न विचारतो. मुख्य ठेकेदार म्हणतो मला वरून मिळाले की तुला देतो. हे चालतं का?

लाल_पुस्तक

देशोदेशी वेगळं. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने असं कलम बाद केलंय, वरचा दिवाळखोर झाला असेल तेवढा अपवाद. बाकी बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतं. निदान एवढं तरी लिहून घ्या की वरून मिळो न मिळो, अमुक दिवसांनी द्यावेच लागतील.

नटबोल्ट

ओव्हरलेवाल्यांसाठी अजून एक, हे कोणी लिहिलं नाही. कार्यक्रम पुढे ढकलला किंवा रद्दच झाला तर काय, ते काँट्रॅक्टमध्ये हवंच. मार्च २०२० मध्ये टोकियोचे खेळ वर्षभर पुढे गेले. तुमच्या गॅलऱ्या उभ्या असतील तर वर्षभराचं भाडं कोण देणार, की खोलून नेणार आणि परत लावणार, त्याचा दर काय? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा २०२३ मध्ये सरळ रद्द केल्या, २.६ अब्ज डॉलरचा अंदाज सहाच्या वर गेला म्हणून, आणि ३८ कोटी डॉलर भरपाई मोजली. ती आयोजकांच्या संघटनांना. खालच्या सब-काँट्रॅक्टरच्या काँट्रॅक्टमध्ये रद्द झाल्यावरचं कलम असेल तरच त्याला काही मिळणार ना.

मी आता जादा भाड्याचा आठवड्याचा दर टेंडरमध्येच टाकतो. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला तर त्याचा उपयोग शून्य, पण एकदा झाला आणि त्या एका वेळी तरलो.

ओळंबा

सगळ्यांचे आभार, दोन दिवस कागद उपसत होतो म्हणून उशीर.

सापडलेल्या गोष्टी. एक म्हणजे माझ्या साईटवरच्या पोराने तिसऱ्या दिवशी मेल केलेला आहे, "काल साईटवर झालेल्या चर्चेप्रमाणे वरच्या चार रांगा काढायला घेतल्या आहेत, सुधारित ड्रॉइंग पाठवावे". खर्चाचा शब्द नाही त्यात, पण आहे. त्यावर त्यांच्याकडून उत्तर नाही, पण पाचव्या दिवशी सुधारित ड्रॉइंग आलं, तेही त्यांच्या शिक्क्याचं, तारखेसकट! रात्रपाळी १४ रात्री चालली, त्यातल्या ९ रात्रींच्या हजेरी शीटवर त्यांच्या इंजिनिअरची सही आहे, हा आमच्या फोरमनचा हट्ट, सही झाल्याशिवाय लायटिंग बंद करू द्यायचा नाही म्हणे. सब-काँट्रॅक्टमध्ये नोटिशीचे दिवस १४ लिहिलेत, म्हणजे मेल मुदतीत बसतो.

गॅरंटी संपायला पाच आठवडे आहेत. @जमाखर्च, तुमचे भाकीत खरे ठरले, मुदतवाढीचं पत्र कालच आलं.

२२ पैकी १५-१६ टक्क्यांचे कागद माझ्याकडे आहेत. गुरुवारी मीटिंग लागलीय. त्यांच्या बाजूने कुणकुण अशी आहे की एलडी सोडतो आणि ९ देतो, पण आधी "कोणताही दावा शिल्लक नाही" असं लिहून द्या.

गवंडीकाका

ते लिहून द्यायच्या आधी पैसे खात्यात. किंवा निदान त्या कागदावर रक्कम आणि रिटेन्शन वगळून असं लिहा, नाहीतर रिटेन्शन पण त्यातच बुडतं. आणि मीटिंगला त्या व्हॉट्सॲपवाल्या इंजिनिअरच्या वरचा माणूस मागा. त्या बिचाऱ्याला खोलीत सगळ्यांसमोर कोंडीत पकडलंत तर तो नाहीच म्हणणार.

लाल_पुस्तक

पोराचा तो मेल आणि त्यांचं ड्रॉइंग शेजारी शेजारी ठेवा, एका पानावर. बाकी भाषण नको. गॅरंटीची मुदत वाढवून द्या पण पत्रात हक्क राखून म्हणून लिहा.

जमाखर्च

दुसऱ्या क्रेनचं काय? ती त्यात मोठी रक्कम असेल.

ओळंबा

तिथेच अडलंय. क्रेन किती दिवस होती ह्यावर ते भांडतायत. गेटवरचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात, आता सापडत नाही म्हणतात.

मुकादम

क्रेनच्या ऑपरेटरकडे लॉगशीटची कार्बन कॉपी असते. त्याच्यावरच त्याला ओव्हरटाइम मिळतो, तो टाकून देत नाही. फोन लावा.

ओळंबा

लावला. गाडीच्या टपात आहेत म्हणाला सगळ्या. फोटो आलेत, ग्रीसचे डाग पडलेत पण तारखा वाचता येतायत. उद्या मूळ प्रती आणायला जातोय.